'मानवी घटक' म्हणजे नेमकं कोण?

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत 'मानवी घटक' हा शब्द सारखा भेटतो. नवं यंत्र आलं, नवी पद्धत आली आणि ती फसली, की 'तंत्रज्ञान चांगलं होतं, मानवी घटक कमी पडला' हे वाक्य ठरलेलं. एम.एस.डब्ल्यू.ला असताना संस्था-व्यवस्थापनाच्या पेपरासाठी आम्ही हे सगळं वाचलं. हा घटक बाई आहे की पुरुष, त्याला मजुरी किती मिळते, तो घरी गेल्यावर चूल कोण पेटवतं, याची चौकशी त्या पुस्तकांत कुठेच नव्हती. घटकाला घर नसतं!

मैत्रिणींनो, हे शास्त्र 'एमबीएवाल्यांचं' म्हणून सोडून देणं आता आपल्याला परवडणार नाही. अंगणवाडी सेविकेच्या हातात मोबाईल आहे, आशाताईच्या हातात आहे, आपल्या संस्थांतून वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीच्या हातातही आहे. तिनं काय करायचं, किती करायचं आणि केलं हे कसं सिद्ध करायचं, हे त्या मोबाईलमध्ये आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं आहे. ते ठरवण्यामागचा विचार शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची पहिली प्रयोगशाळा बऱ्याच अंशी बायकांचे हातच होते.

फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ साली आलं. त्यात सायकलचे छर्रे तपासणाऱ्या मुलींची हकीकत आहे. १२० जणींचं काम ३५ जणी करू लागल्या, दिवस साडेदहा तासांवरून साडेआठ तासांवर आला, मजुरी वाढली, असं ते अभिमानानं सांगतात. कमी केलेल्यांत हुशार, कष्टाळू, विश्वासू मुलीही होत्या हेही तेच नोंदवतात. नजर आणि हात पुरेसे चपळ नव्हते, एवढाच त्यांचा दोष. त्या ८५ जणी पुढे कुठे गेल्या, याला पुस्तकात जागा नाही.

यापेक्षा प्रसिद्ध प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातला. तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी टेलिफोनचं सामान बनवायची. १९२७ साली शंभरेक बायकांच्या खात्यातून टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाचजणी निवडून वेगळ्या खोलीत बसवल्या. सुमारे ३५ बारीक भाग जोडून एक रिले तयार व्हायचा, मिनिटाला साधारण एक. कधी मधली सुट्टी दिली, कधी काढून घेतली, कधी खाऊ दिला, कधी दिवस लवकर संपवला. प्रत्येकीचा प्रत्येक रिले यंत्र मोजत होतं. खोलीत बसलेला निरीक्षक त्यांची बोलणी टिपून घेत होता. ठराविक काळानं डॉक्टरी तपासणी होई, रात्री किती तास झोपल्या याचीही नोंद होई. उत्पादन दोन-अडीच वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं. यावरून पाठ्यपुस्तकांनी जो धडा काढला तो आपण सगळ्यांनी घोकलेला आहे: माणसाकडे लक्ष दिलं की तो मन लावून काम करतो.

पण खोलीत आणखी काय झालं तेही पाहू. जानेवारी १९२८ मध्ये पाचांपैकी दोघींना बाहेर काढलं. फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, हे कारण. त्यांच्या जागी आलेल्या दोघींपैकी एकीच्या डोक्यावर घरचा भार होता. तिनं स्वतःचा आणि बाकीच्यांचाही वेग वाढवला. शिवाय मजुरीचा हिशेब बदलला होता. पूर्वी शंभरेक जणींच्या कामावर तो होई, आता या पाचजणींच्याच. म्हणजे जास्त हात चालवला तर त्याचा पैसा आपल्याच पदरात पडणार होता. गरजू बाईनं हे ओळखायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही.

त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ पुरुषांच्या एका गटाचा अभ्यास झाला. हे पुरुष ठरवून काम एका मर्यादेत ठेवत, जास्त करणाऱ्याला आपसांतच वठणीवर आणत. मंदीचे दिवस होते, त्यात शहाणपणही होतं. त्यांना कुणी खोलीबाहेर काढलं नाही. त्यांच्या वागण्याला 'अनौपचारिक गट' असं भारदस्त नाव मिळालं आणि तो एक सिद्धांत झाला. बायका बोलल्या तर असहकार, पुरुषांनी हात आखडला तर समाजशास्त्र! हा फरक नीट मांडायला १९७४ साल उजाडलं. जोन अॅकर आणि डोनाल्ड व्हॅन हाउटन या संशोधकांनी हॉथॉर्नच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि दाखवलं, की बायका खास निवडलेल्या होत्या, त्यांच्यावर पुरुष अधिकाऱ्यांचा वडीलधारा धाक होता, आणि निष्कर्ष काढताना हे सगळं गाळून गेलं. आमच्या अभ्यासक्रमात हॉथॉर्न होतं, अॅकर नव्हत्या.

पुढे संगणक आले आणि संशोधनाचा प्रश्न बदलला: कामगार तंत्रज्ञान स्वीकारतील का? १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेली चौकट आजही अभ्यासांत वापरली जाते. वापरणाऱ्याला ते उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का, एवढे दोन मुख्य मुद्दे. कुणाला उपयोगी, हा तिसरा प्रश्न तिथे नाही.

तो प्रश्न आपल्याकडे सेविकांनी विचारला. महाराष्ट्रात त्यांना २०१९ च्या सुमारास मोबाईल मिळाले, मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी मोबाईल परत केले. फोन तापतो, त्यात जागा पुरत नाही, दुरुस्ती पदरच्या पैशानं करावी लागते, अॅप इंग्रजीत आहे. ही कारणांची यादी मला कुठल्याही तज्ज्ञाच्या अहवालाइतकी नेमकी वाटते. वर्तमानपत्रांत मात्र ती 'आंदोलन' या सदराखाली आली, संशोधन म्हणून कुणी वाचली नाही. नंतर अॅपमध्ये भारतीय भाषा आल्या. पण मूळ गाठ तशीच राहिली. सेविका कागदोपत्री मानसेवी, तिला मिळतं ते मानधन. ग्रॅच्युइटीचा कायदा तिला लागू आहे, एवढं ठरायलाही एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. हजेरी नोकरासारखी आणि मोबदला स्वयंसेविकेचा, हे कोणत्या व्यवस्थापनशास्त्रात बसतं?

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा अॅपमध्ये जुळवणं बंधनकारक झालं. चेहरा जुळला नाही, रेंज नसली, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या खिशात असला, तर दारातल्या गरोदर बाईला 'नाही' सांगायची वेळ सेविकेवर येते. प्रणाली दिल्लीत, शिव्या गावात. गळतीची चोरी थांबवायला हवी, यात वाद नाही. पण ती थांबवायचा भार सगळ्यात कमी मोबदल्याच्या बाईवर आणि सगळ्यात भुकेल्या बाईवरच का?

आता थोडं आपल्या घरातलं. सरकारला नावं ठेवणं सोपं. नाव सांगत नाही, पण हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत देणगीदारांच्या आग्रहानं हजेरीचं अॅप आलं. कार्यकर्ती कुठे गेली, किती वेळ थांबली, हे नकाशावर दिसतं. म्हणजे ती ज्या बाईच्या घरी गेली, तिचं घरही दिसतं! एका कार्यकर्तीनं वस्तीच्या तोंडाशीच फोन बंद करायला सुरुवात केली. तिचे अर्धे दिवस कापले गेले आणि मूल्यमापनात शेरा आला, 'तंत्रज्ञान स्वीकारण्यात अडचण.' तिची अडचण तंत्रज्ञानाशी नव्हतीच. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपलेल्या बाईचा पत्ता परक्या संगणकात जाऊ नये, एवढी साधी अक्कल तिच्यापाशी होती, ती अॅप बनवणाऱ्यांपाशी नव्हती. तिला कुणी आधी विचारलं असतं, तर अॅपच वेगळं झालं असतं.

विचारता येतं, आणि विचारलेलं आहे. नॉर्वेत १९७० च्या दशकात लोह व धातू कामगारांच्या संघटनेनं क्रिस्टेन नीगार्ड या संगणकतज्ज्ञाला सोबत घेऊन संगणकाचा अभ्यास कामगारांच्या बाजूनं केला. त्यातून मालकांशी करार झाले: नवी प्रणाली आणण्याआधी तिची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत द्यायची, आणि कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी त्या चर्चेत असायचा. ब्रिटनमध्ये एनिड ममफर्ड या संशोधिकेनं एका मोठ्या कंपनीतल्या सेक्रेटरींना त्यांची टंकलेखनाची संगणक-प्रणाली स्वतःच आखायला लावली; त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८३ चं आहे. याच ममफर्डबाईंनी गोदी कामगारांशी बोलता यावं म्हणून गोदीच्या कँटीनमध्ये काम केलं होतं. असं संशोधनही याच शास्त्रात आहे.

आपल्या गटांनी असा करार आपल्यापुरता तरी लिहावा, असं मला वाटतं. कोणतंही अॅप घेण्याआधी ते वापरणाऱ्या बायांची बैठक व्हावी आणि तिचं इतिवृत्त देणगीदारालाही जावं. पीडित बाईच्या घराचं ठिकाण कुठेही नोंदलं जाऊ नये. रेंज नसल्यानं राहिलेली नोंद गैरहजेरी धरू नये. फोन, रिचार्ज आणि दुरुस्ती संस्थेच्या खर्चातून व्हावी. आणि नोंदी भरायला लागणारा वेळ कामाच्या तासांत मोजावा. आज तो रात्री, मुलं झोपल्यावर जातो. ज्या गटांनी अशा अटी घातल्या असतील, मान्य करून घेतल्या असतील किंवा त्यापायी निधी गमावला असेल, त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं. विशेषतः निधी गमावलेल्यांनी.