दिल्ली, दोघं आणि एकच दिवस

काय मंडळी, दिल्लीला निघालात? तेही दोघंच? मग आधी ती यादी बाजूला ठेवा पाहू! लाल किल्ला, चांदनी चौक, इंडिया गेट, लोटस टेम्पल, कुतुबमिनार आणि वेळ उरलाच तर सरोजिनी नगरमध्ये शॉपिंग... एका दिवसात हे सगळं करता येतं, नाही असं नाही. पण मग दिवसभर तुम्ही एकमेकांशी फक्त दोनच वाक्यं बोलता, 'चल लवकर' आणि 'फोटो काढ ना'. याला रोमान्स नाही, दिल्ली दर्शन म्हणतात!

माझा नवरा गुरुग्रामला, मी पुण्यात. लग्नाला दीड वर्ष झालं, पण भेट म्हणजे महिन्यातून एखादा वीकेंड. फेब्रुवारीत दोघांनी एका गुरुवारी सुट्टी टाकली. नवरोबांनी आठ ठिकाणांची एक्सेल शीट करून आणली होती. (हो, एक्सेल!) मी म्हटलं, "आठ नाही, एकच. निजामुद्दीन." तो म्हणाला, "अगं, तिथे तर तुमची ट्रेन येते!"

खरंय. मुंबईहून ऑगस्ट क्रांती राजधानीने येणारे आपण सगळे हजरत निजामुद्दीनला उतरतो आणि लगेच रिक्षा शोधायला लागतो. पण जवळच दोन प्रेमकहाण्या उभ्या आहेत, त्याही ताजमहालाच्या आधीच्या.

पहिली, हुमायूनचा मकबरा. 1556 मध्ये पुराना किल्ल्यातल्या आपल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून पडून हुमायून गेला. त्याची बायको बेगा बेगम हिने ही इमारत उभी करवली, 1570 च्या सुमाराला. म्हणजे ताजचं काम सुरू व्हायच्या साधारण साठ वर्षं आधी एका बायकोने नवऱ्यासाठी बांधलेलं हे स्मारक! सकाळी लवकर जा. कोवळ्या उन्हात लाल दगड आणि पांढरा संगमरवर काय दिसतो म्हणून सांगू! आत शिरल्यावर उजव्या हाताचा इसा खानचा अष्टकोनी मकबरा चुकवू नका, तो हुमायूनच्याही आधीचा आहे.

दुपारी शेजारच्या सुंदर नर्सरीत चक्क पथारी पसरा. 2018 पासून ही बाग नव्या रूपात लोकांसाठी खुली आहे. झाडं, कारंजी, जुने घुमट आणि मुख्य म्हणजे कोणी 'उठा' म्हणत नाही. लाडू, चिवडा, थर्मासमधला चहा, बस्स!

दुसरी कहाणी मथुरा रोडला लागून. शाळेत हिंदीच्या तासाला ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम, अकबराच्या दरबारातला. 1598 मध्ये त्याने बायकोसाठी, माह बानूसाठी, मकबरा बांधला. पुढे 1627 मध्ये त्यालाही तिथेच दफन केलं. नंतरच्या काळात इथला संगमरवर आणि दगड काढून सफदरजंगच्या मकबऱ्याला वापरला. घुमट बरीच वर्षं उघडाबोडका उभा होता. मोठी दुरुस्ती होऊन 2020 च्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा खुला झाला. गर्दी कमी, त्यामुळे बोलायला जागा मस्त.

आणि आम्ही बोललो. 'बदली तू घेणार की मी?' हा प्रश्न आम्ही सहा महिने फोनवर टाळत होतो. फोनवर काय, 'रेंज नाहीये' म्हटलं की सुटका! इथे पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसल्यावर पळायला वाव नव्हता. त्याने पुण्यातल्या नोकरीचा विषय काढला, मी माझ्या दिल्लीतल्या कामाचा. थोडं भांडणही झालं. कोणी कुठे जायचं ते ठरलं नाही. पण दिवाळीपर्यंत ठरवायचं, हे मात्र ठरलं. आठ ठिकाणांच्या शीटमध्ये या रांगेला जागाच नव्हती!

संध्याकाळी रस्ता ओलांडून दर्ग्यात. गुरुवारी कव्वाली असते. निजामुद्दीन औलिया आणि त्यांचा लाडका शिष्य अमीर खुसरो, दोघंही 1325 मध्ये गेले आणि जवळजवळ विसावले. डोक्यावर ओढणी-रुमाल हवा. मुख्य कबरीपाशी बायकांना आत जाऊ देत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. आम्ही दोघंही अंगणातच बसलो. गल्लीत कबाबचा वास सुटलेला असतोच, पाकीट सांभाळत खा!

आता कामाच्या टिप्स. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या लेट होतात, फेब्रुवारी-मार्च उत्तम. पायात चपटे बूट, हिल्स हॉटेलवर. सोमवारी लाल किल्ला आणि शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, त्यामुळे 'जाता जाता तेही' म्हणणाऱ्याला हे ऐकवा. पाय बोलायला लागले तर रिक्षा करून लोधी गार्डन गाठा, तिथे तिकीट नाही.

आणि यादी करायचीच असेल तर ठिकाणांची नको. गेले काही महिने एकमेकांशी काय काय बोलायचं राहिलंय, त्याची करा. तीही एकच दिवसात संपणार नाही, पैज!