मुळशीचे पाणी

पावसाळ्यात पुण्याहून पौडमार्गे पश्चिमेकडे निघालात, की भातखाचरे लागतात, मग डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर मुळशीचा विशाल तलाव दिसतो. तलावाच्या पुढे रस्ता ताम्हिणी घाटात शिरतो आणि कोकणात माणगावकडे उतरतो. घाटात धो धो पाऊस पडतो. कड्याकड्यांवरून धबधबे कोसळतात. जवळच कैलासगड आणि घनगड हे किल्ले आहेत. ताम्हिणीच्या जंगलाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सहलीला जाण्यासारखेच हे ठिकाण आहे. तुम्ही ते जरूर पाहावे. पण ते पाहताना एक गोष्ट माहीत असावी, असे मला वाटते. हा तलाव निसर्गाने केलेला नाही.

डोंगरातून माणसाने नाना प्रकारची संपत्ती काढली. कोणी कोळसा काढला, कोणी लोखंड काढले, कर्नाटकातील कोलारला तर जमिनीखालून सोने काढले. मुळशीच्या डोंगरातून माणसाने वीज काढली. ती कशी? मुळशी सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि कोकण खूप खाली आहे. मुळा आणि नीला या नद्यांचे पाणी टाटा कंपनीने धरण बांधून अडवले. मुळा ही खरे तर पूर्वेकडे, पुण्याकडे वाहणारी नदी. पण हे अडवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे नेले जाते. तेथून ते मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे उतरते. भिरा आज रायगड जिल्ह्यात आहे. पाण्याच्या जोराने यंत्रांची चक्रे फिरतात आणि वीज तयार होते. भिऱ्याचे जलविद्युत केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. पुढे तेच पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते.

कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद पडली. मुळशीची ही पाण्याची खाण मात्र दर पावसाळ्यात पुन्हा भरते. मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना अशा विजेची फार गरज होती. म्हणून धरण बांधणे हीच चूक होती, असे मी म्हणणार नाही.

पण या विजेची किंमत कोणी दिली? तलावाच्या जागी आधी एक खोरे होते. त्यात सुमारे पन्नास गावे होती. त्या गावांत मावळे शेतकरी राहत होते. त्यांच्या खाचरांत सुवासिक आंबेमोहर तांदूळ पिकत असे. या शेतकऱ्यांची संमती न घेताच धरणाचे काम सुरू झाले. सरकार कंपनीच्या बाजूला होते. अनेक शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. भरपाईचा पैसा आला, तरी तो आपल्या हातात राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. काम काही महिने थांबले, पण पुन्हा सुरू झाले. स्त्रियाही लढ्यात उतरल्या. अनेकांनी तुरुंगवास सोसला. या लढ्याचे नेते पांडुरंग महादेव बापट होते. त्यांना याच लढ्यामुळे लोक ‘सेनापती’ म्हणू लागले. त्यांना शेवटी सात वर्षांची शिक्षा झाली. लढ्याची घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. मित्रांनो, या घोषणेतील दोन्ही मोठे शब्द तुम्ही घरी रोज वापरता. मावळातल्या शेतकऱ्यालाही आपले दुःख सांगायला तेच शब्द जवळचे वाटले.

१९२४ पर्यंत लढा संपला. धरण पूर्ण झाले आणि खोरे पाण्याखाली गेले. दिवे मुंबईत लागले, घरे मुळशीत बुडाली.

काही जण म्हणतील, “शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी आता कशाला उकरायच्या?” मला हे पटत नाही. देशाला वीज हवी, पाणी हवे, रस्तेही हवेत. त्यासाठी कोणाची तरी जमीन लागणारच. पण ज्याची जमीन जाते, त्याला आधी विचारले पाहिजे. त्याला दुसरी जमीन आणि घर आधी दिले पाहिजे. मुळशीत हे झाले नाही. हे आपण विसरलो, तर दुसऱ्या खोऱ्यात तेच पुन्हा घडेल. मुळशीच्या पाण्याचा प्रश्नही अजून मिटलेला नाही. पुण्याची वस्ती वाढली, म्हणून हे पाणी पूर्वेकडेही मिळावे, अशी मागणी होत असते.

माझे मत असे आहे, की प्रत्येक धरणाच्या काठी एक मोठा फलक असावा. त्यावर धरणाची उंची आणि लांबी तर असावीच, पण पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक गावाचे नावही असावे. सहलीला आलेल्या मुलांनी ती नावे मोठ्याने वाचावीत. तलाव तेवढाच सुंदर दिसेल. पण तो आपल्याला कोणी दिला, हेही मग कळेल.

स्वाध्याय
१. मुळशीच्या पाण्यापासून वीज कशी तयार होते?
२. मावळ्यांनी सत्याग्रह का केला?
३. तुमच्या भागातील धरणाखाली कोणती गावे गेली, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि पाच वाक्ये लिहा.