हिरव्या शिवारातले ओढे

डहाणू-तलासरीत वाघबारस उलटते, हळवे भात खळ्यावर येते आणि याच सुमारास ओढे निवळू लागतात. पावसाळाभर गढूळ वाहिलेल्या पाण्याचा तळ दिसतो. पण विरघळलेला युरिया आणि फवारणीचे औषध निवळत नाही, दिसतही नाही. यंदाच्या दिवाळी अंकाने ओढ्यांचा विषय घेतला तो त्यासाठी.

पर्यावरणाच्या लढ्यात डहाणूचे नाव मोठे आहे. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने हा तालुका संवेदनशील ठरवला आणि उद्योगांना 500 एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर 1996 मध्ये तालुक्याच्या पर्यावरण संरक्षणासाठी प्राधिकरण आले, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. औष्णिक वीज केंद्राचा धूर असो की वाढवण बंदर, इथली माणसे जागी राहिली. शेत मात्र कायम राखायच्या बाजूला धरले गेले, आणि त्यातून उतरणारे पाणी चर्चेत क्वचितच आले.

भातखाचरात युरिया फेकून दिला की त्यातले निम्म्याहून कमी नत्र पिकाला मिळते. बाकीचे काही हवेत उडते, काही झिरपते, आणि जोराच्या सरीने खाचर बांधावरून वाहू लागले की उरलेले ओढ्यात जाते. मातीला चिकटलेले स्फुरदही सोबत जाते. पाणी संथ झाले की त्यावर शेवाळ माजते; ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते.

आता वलगण आठवावी. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओढ्यातून थेट खाचरात चढतात. वारली घरांतल्या लेकराबाळांना ते मासे आणि खेकडे म्हणजे वर्षातले हक्काचे कालवण. शिवारात साचलेले औषध धुऊन नेणारे पाणीही नेमके तेच, पहिल्या पावसाचे. मासा पोटात अंडी घेऊन वर येतो आणि विष खाली उतरते.

दिवाळीनंतर गणित आणखी बिघडते. वाणगाव पट्ट्यात मिरची आणि ढोबळी मिरची उभी राहते. फुलकिडे आणि कोळी यांच्यासाठी फवारण्या वाढतात. ओढ्याची धार तोवर बारीक झालेली असते. पाठीवरचा पंप तिथेच धुतला, तर तेवढे औषध पातळ करायला पाणीच उरलेले नसते. चिकूवर मारायच्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद माशांना फार कमी मात्रेत बाधतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावात जमीन आहे तसे पाणीही यायला हवे.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ अत्यंत विषारी, हे विकताना त्याला कितीदा सांगितले जाते? आणि उपाय तर कोकणातच आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताचा पेंढा व तुसाची राख शेतात जाते, गिरिपुष्पाचा पाला गाडला जातो, चूड आखून लावतात आणि युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात. खत मुळाशी राहते, ओढ्यात जात नाही. वाकून गोळ्या खोचण्याचे कष्ट मात्र खरे आहेत. त्या मजुरीला सरकारी हातभार मिळाला पाहिजे.

जमिनीत झिरपलेल्या नत्रातून येणाऱ्या नायट्रेटचा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातील 440 जिल्ह्यांत ते मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा, जास्त आढळले. त्यांत वर्धा आणि बुलढाणाही आहेत. जलजीवन मिशनने गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचे प्रशिक्षण देण्याची व्यवस्था केली आहे. त्यांच्या संचात नायट्रेट कळते, कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. ग्रामसभांनी ओढ्याचा नमुना वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या पुराला आणि फेब्रुवारीत धार आटताना, तिथे पाठवायचा ठराव करावा, आणि तपासणीचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा.