विश्लेषण : ‘दहावीनंतर काय’ ठरवण्याआधी कामाला हात कधी लागणार?

दहावीचा निकाल लागला की वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. उत्तरे ठरलेली असतात. टक्के चांगले असतील तर सायन्स, कमी असतील तर आयटीआय, धावता येत असेल तर पोलीस भरती आणि यातले काहीच जमले नाही तर पुण्यात कंपनीत असलेल्या नातेवाइकाकडे रवानगी. निर्णय टक्क्यांवर होतो. त्या कामाला मुलाने किंवा मुलीने त्याआधी एकदा तरी हात लावला आहे का, हे कोणी विचारत नाही.

कलचाचणीने हा प्रश्न सुटला नाही का?

राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. कृषी, तांत्रिक, वाणिज्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी कल कुठे आहे, ते चाचणी सांगत असे. हेतू चांगलाच होता. पण ज्या मुलीने प्रयोगशाळेत रक्त तपासताना कोणाला पाहिलेले नाही, तिला त्या कामाची आवड आहे की नाही हे तिला स्वतःलाच कसे कळणार? आवड बहुतेक वेळा ओळखीनंतर येते. पोलीस, शिक्षक आणि ग्रामसेवक एवढेच पगारदार लोक आजूबाजूला दिसत असतील, तर चाचणीतही तेच उमटते. करिअर मेळाव्यांचे तसेच. वक्ता तासभर बोलतो, पत्रके वाटली जातात आणि त्यातली बरीचशी अकोला-नांदेडच्या क्लासेसची असतात.

मग हाताने शिकवण्याचा प्रयोग कुठे झाला आहे?

महाराष्ट्रातच झाला आहे, आणि चाळीस वर्षांहून जुना आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले होते. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा माध्यमिक शाळेचा विषय तयार झाला. आठवडयातून एक दिवस वर्ग बंद, काम सुरू. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. एकच मूल वेल्डिंगही करते, हिमोग्लोबिनही तपासते आणि रोपवाटिकाही सांभाळते.

यातली खरी मेख वेगळीच आहे. मुलांनी बनवलेली वस्तू कपाटात ठेवण्यासाठी नसते. गावातून कामे घ्यायची, साहित्याचा खर्च काढायचा आणि काम बिघडले तर दुरुस्त करून द्यायचे. ‘कार्यानुभव’ या नावाखाली वर्षानुवर्षे कागदी फुले करून गुण देणाऱ्या शाळांना हा फरक लगेच कळेल.

आता नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही (२०२०) हेच म्हणते. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना आणि त्या काळात स्थानिक कारागिरांकडे शिकणे, अशी त्यात तरतूद आहे. त्याच दस्तऐवजातील आकडेवारीनुसार १९ ते २४ वयोगटातील औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले कामगार भारतात पाच टक्क्यांहून कमी आहेत. जर्मनीत ते ७५ टक्के, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के आहेत.

रिठदमध्ये शिकण्यासारखे काय आहे? इथे तर कारखाना नाही.

कारखाना नाही, पण सोयाबीन आहे. तेवढ्यावर नववीचे अर्धे वर्ष निघेल.

हमीभावाने खरेदी होणाऱ्या सोयाबीनसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. समजा मीटरने १६ दाखवले. म्हणजे १०० किलोंत ८४ किलो कोरडा माल. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन भरते सुमारे साडेपंच्याण्णव किलो. म्हणजे पाण्यापोटी घट साडेचार किलोंची. व्यापाऱ्याने त्याहून जास्त कापले तर तो फरक कशाचा, हे नववीतली मुलगी कागदावर मांडून विचारू शकते. तिच्या वडिलांना आजवर ते विचारता आलेले नसते. हे गणित आहे आणि प्रतवारी, गोदाम व्यवस्थापन, मीटरची देखभाल या नोकऱ्यांची पहिली ओळखही आहे.

पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे ओले करून ठेवायचे आणि किमान सत्तर उगवतात का, ते मोजायचे. ही बियाणे तपासणी कोणत्याही शाळेला परवडेल. मग वर्गाने गावातल्या प्रत्येक घरचे बियाणे तपासून द्यावे. याशिवाय पंपाचा स्टार्टर, सौर पंपाचे पॅनल, पशुवैद्यकीय दवाखाना, औषध दुकान आणि पतसंस्थेचा काउंटर आहेच. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवस बसले तरी ‘हे आपल्याला जमणार नाही’ एवढे कळेल. तेही कमी नाही.

पालक नाराज का असतात?

कारण त्यांचा संशय खरा आहे. ‘मातीतून सुटावा म्हणून शाळेत घातला आणि शाळा पुन्हा मातीच दाखवते’ ही तक्रार अडाणीपणाची नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी शाळेचे तास कमी करून मुलांनी उरलेल्या वेळेत घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. हा जातीचा धंदा पुन्हा गळ्यात बांधण्याचा डाव आहे, असा विरोध पेटला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी योजना गुंडाळली. वर्ध्यात १९३७ च्या परिषदेत मांडल्या गेलेल्या गांधीजींच्या नई तालीमलाही या संशयाने सोडले नाही.

म्हणून एक नियम सुरुवातीलाच हवा. मुलाने शाळेत ते काम शिकावे, जे त्याच्या घरी होत नाही. शेतकऱ्याच्या मुलाने बँकेचे काम, शिक्षकाच्या मुलाने वेल्डिंग, सुताराच्या मुलीने रक्ततपासणी. वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यालाही यातून सूट नसावी. नापासांसाठी राखलेला विषय म्हणून आला, तर तो पहिल्याच वर्षी मेला समजा. मुलींना ब्युटी पार्लर आणि मुलांना ऑटोमोबाइल अशी वाटणीही तेव्हाच मोडायला हवी. ती कोणी जाणूनबुजून करत नाही. अर्ज भरतानाच होऊन जाते.

अडते कुठे?

शिकवणाऱ्यावर. नववीपासूनचे व्यवसाय विषय अनेक शाळांत आले, पण प्रशिक्षक कंत्राटी आणि बाहेरच्या संस्थांमार्फत नेमलेले. त्यांच्या मागण्यांची आंदोलने राज्याला नवी नाहीत. त्यापेक्षा गावातलाच मोटार रिवाइंडिंग करणारा मिस्त्री आठवडयातून एक दिवस मानधनावर बोलावणे सोपे. त्याला बीएड विचारू नये. कायद्याची बाजूही सांभाळावी लागेल. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावता येत नाही आणि अठरापर्यंत धोकादायक कामांना मनाई आहे. त्यामुळे थ्रेशरजवळ मुले नकोत. कामाच्या जागी शिक्षक हजर हवा आणि मुलांना फुकटची मजुरी समजण्याची मोकळीक कोणालाही नको.

दुसरी अडचण क्षुल्लक दिसते. गावाबाहेरच्या मुलींना एसटीचा मोफत पास घर ते शाळा एवढाच चालतो. आयटीआयची कार्यशाळा किंवा बाजार समिती पाहायला रिसोडला जायचे तर तिकीट काढावे लागते. महिलांना ते निम्म्या दरात मिळते, तरी ते पैसे कोणी द्यायचे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लिहून घेतलेले बरे.