नकाशावरचे गावकूस



आपल्या संस्थांच्या वार्षिक कार्यक्रमात एक प्रथा आता चांगलीच रुजली आहे. एप्रिल महिना जवळ आला की पदाधिकारी आपापल्या नगराच्या कौन्सिलला पत्र लिहितात, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त घोषणापत्र मिळवतात, ठरलेल्या सायंकाळी सहकुटुंब सभागृहात जातात, मेयरसमवेत छायाचित्र काढून घेतात आणि टाळ्यांच्या गजरात बाहेर पडतात. घोषणापत्र सभेच्या आरंभीच दिले जाते. कौन्सिलचे खरे कामकाज त्यानंतर सुरू होते. कोणत्या रस्त्यावर दुकान निघेल, कोणत्या मोकळ्या जमिनीवर भाड्याची घरे उभी राहतील, कोठे फक्त प्रशस्त बंगलेच असतील, हे त्यानंतरच्या तासा-दोन तासांत ठरते. आणि नेमक्या त्या वेळी आपल्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

या लेखाचा रोख त्या रिकाम्या खुर्च्यांवर आहे. घोषणापत्राला माझा विरोध नाही. पण कौन्सिलच्या दृष्टीने घोषणापत्र म्हणजे विनाखर्चाचे सौजन्य होय. त्याने कोणाचे घर उभे राहत नाही आणि कोणाचे अडतही नाही. ज्या कागदाने ही दोन्ही कामे होतात त्याचे नाव झोनिंग ऑर्डिनन्स, आणि त्याच्याकडे आपला समाज ढुंकूनही पाहत नाही.

झोनिंग म्हणजे नगराच्या जमिनीचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात काय बांधता येईल हे ठरविण्याचा अधिकार. कल्पना वरवर निरुपद्रवी आहे. कारखान्याचा धूर शाळेत जाऊ नये हे कोणीही मान्य करील. परंतु या अधिकाराचा इतिहास पाहिला पाहिजे. १९१० साली बाल्टिमोर नगराने कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहावे आणि गोऱ्यांनी कोणत्या, याचाच वटहुकूम काढला. अशाच प्रकारचा लुईव्हिल नगराचा वटहुकूम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द ठरविला. मग जे वर्णाचे नाव घेऊन करता येत नव्हते, ते भूखंडाच्या आकाराने करण्याची वाट सापडली. १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड या उपनगराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने झोनिंगवर शिक्कामोर्तब केले, आणि त्या निकालपत्रात अपार्टमेंटची इमारत ही बंगल्यांच्या वस्तीला लागलेले बांडगूळ असल्याची भाषा आली. तेव्हापासून उपनगरांनी एक सोपी युक्ती अवलंबिली. भूखंड एवढा मोठा ठेवा, घर एकाच कुटुंबाचे असावे असा नियम करा, अपार्टमेंटला मज्जाव करा. कोणाचेही नाव न घेता गरीब मनुष्य वेशीबाहेरच राहतो.

वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकाला कोणी शिकवावयास नको. आपले आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले. ते कूस त्यांनी घातले नव्हते आणि ते कोठे घालावे हे त्यांना कोणी विचारलेही नव्हते. जातीचा आणि वर्णाचा इतिहास एकच आहे असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण रेषा आखणारे आत आणि रेषेचे परिणाम भोगणारे बाहेर, ही रचना आपल्या परिचयाची आहे. म्हणून ती ओळखण्याची जबाबदारीही इतरांपेक्षा आपल्यावर अधिक आहे.

महाडचा लढा पाण्याचा लढा होता असे आपण मुलांना सांगतो. ते खरेच आहे. परंतु तो एका नगरपालिकेच्या ठरावाचाही लढा होता, ही बाजू सांगावयाची राहून जाते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण ते कागदावरच. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सनातनी मंडळी न्यायालयात गेली ती केवळ धर्मशास्त्र घेऊन नव्हे; तळे खाजगी मालकीचे आहे आणि वहिवाट पूर्वापार आहे, असा त्यांचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो फेटाळला, पण त्यासाठी दहा वर्षे जावी लागली.

यातून दोन बोध निघतात. पहिला हा की, ठराव करणारे हात ठराव मोडूही शकतात. सभागृहात पाळत ठेवणारे कोणी नसेल तर ते निःशंकपणे मोडतात. दुसरा हा की, बहिष्कार नेहमीच द्वेषाच्या भाषेत बोलत नाही. तो मालमत्तेच्या आणि वहिवाटीच्या सभ्य भाषेत बोलतो. इथल्या सुनावणीत 'वस्तीचे स्वरूप', 'घरांच्या किमती', 'शाळांवरील बोजा' हे शब्द ऐकू येतात. वाहतुकीचा किंवा सांडपाण्याचा प्रश्न कधीकधी खरा असतो, आणि तो तज्ज्ञांच्या मोजमापाने तपासता येतो. पण मोजमाप पुढे आल्यावरही ज्यांचा विरोध तसूभर हलत नाही, त्यांची हरकत वाहनांना आहे की वाहनांतून उतरणाऱ्या माणसांना, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता आपल्यातील काही सुशिक्षित मंडळींच्या आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप असा की, 'आपण येथे नोकरीसाठी आलो आहोत, कित्येकांना अजून नागरिकत्व नाही, परक्यांच्या गावच्या उठाठेवी आपण का कराव्यात?' हा युक्तिवाद विनयाचा आव आणतो, पण त्यात विनय नाही, केवळ सोय आहे. ज्या गावात आपण घरपट्टी भरतो, मुले शाळेत घालतो, ते गाव परक्याचे कसे? मतदानाला नागरिकत्व लागते. कौन्सिलच्या सभेत उठून दोन शब्द बोलण्यास ते लागत नाही. न्यू जर्सीत सार्वजनिक सभांचा कायदा १९७५ पासून आहे, आणि नगराच्या कौन्सिलने प्रत्येक सभेत जनतेच्या निवेदनासाठी वेळ राखून ठेवलाच पाहिजे असे बंधन २००२ साली त्यात घातले गेले. झोनिंगचा वटहुकूम पहिल्या वाचनात मांडला जातो, प्रसिद्ध होतो, आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी जाहीर सुनावणी होऊनच संमत होतो. शिवाय बदल होणाऱ्या क्षेत्रातील, किंवा त्याच्या सभोवतालच्या दोनशे फुटांतील, वीस टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी हरकत घेतली तर साधे बहुमत पुरत नाही. दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे मूठभर शेजारी संघटित झाले तर ते संपूर्ण नगराचा निर्णय अडवू शकतात. हे हत्यार विरोधकांना नेमके ठाऊक आहे. आपल्याला ते ठाऊक नसावे, ही डॉक्टरेट मिळविणाऱ्या समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो उघडपणे फारसा कोणी बोलत नाही. 'आयुष्यभराची पुंजी घालून चांगल्या शाळेच्या वस्तीत घर घेतले. शेजारी स्वस्त घरे आली तर किंमत उतरेल.' ही भीती मी तुच्छ मानत नाही. ज्यांच्या वडिलांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्यांना घराचे मोल अधिक वाटणारच. पण या भीतीची परीक्षा येथेच, याच राज्यात झालेली आहे.

माउंट लॉरेल हे दक्षिण न्यू जर्सीतील नगर. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी १९७० च्या सुमारास स्वतःच्या मुलाबाळांसाठी अवघ्या ३६ साध्या घरांची योजना मांडली. नगराने ती नाकारली. ज्यांना इथे राहणे परवडत नाही त्यांनी इथून जावे, असे त्यांना नगराच्या प्रमुखाकडून ऐकून घ्यावे लागले. एथेल लॉरेन्स या शिक्षिकेच्या पुढाकाराने ही मंडळी न्यायालयात गेली. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, प्रत्येक विकसनशील नगराने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. नगरांनी टाळाटाळ केली, म्हणून १९८३ साली न्यायालयाने तोच निकाल अधिक कठोर शब्दांत दिला. एथेल लॉरेन्स १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची घरे प्रत्यक्षात उभी राहिली ती २००० साली. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वस्तीचा अभ्यास करून २०१३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना त्या घरांमुळे गुन्हे वाढल्याचे आढळले नाही, कर वाढल्याचे आढळले नाही, आणि शेजारच्या घरांच्या किमती उतरल्याचेही आढळले नाही. ज्या भीतीपोटी तीस वर्षे माणसांना वेशीवर ताटकळत ठेवले, ती भीती निराधार ठरली.

क्षणभर असे धरून चालू की किंमत थोडी उतरते. तरीही प्रश्न उरतोच. ज्याने गावकूस सोसले त्याच्या नातवाने अमेरिकेच्या उपनगरात ऐपत येताच दुसऱ्यासाठी कूस घालावे काय? सकाळी बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून समतेवर भाषण करावयाचे आणि सायंकाळी अपार्टमेंटविरोधी अर्जावर सही करावयाची, हे शीलात बसत नाही. ही सही करणाऱ्याला अंगणात कोणता फलक लागला आहे याने काही फरक पडत नाही, कारण नकाशावरची रेषा फलक वाचत नाही.

आणि ही रेषा एक दिवस आपल्याही दाराशी येऊन ठेपते. स्वतःचे विहार असावे हे आपल्या अनेक संस्थांचे स्वप्न आहे. निधी जमतो, जागा पाहिली जाते, आणि मग कळते की त्या जागेवर प्रार्थनास्थळाला खास परवानगी लागते. न्यू जर्सीतीलच बर्नार्ड्स टाउनशिपचे उदाहरण प्रत्येक विश्वस्ताने मनात कोरून ठेवावे. तेथील मुस्लिम बांधवांनी मशिदीसाठी २०१२ साली अर्ज केला. ३९ सुनावण्या झाल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये प्लॅनिंग बोर्डाने अर्ज फेटाळला. चर्चना लागू असलेल्या प्रमाणाने मशिदीला ५० मोटारींची जागा पुरेशी होती. बोर्डाने १०७ मागितल्या. फेडरल न्यायालयाने हा भेदभाव अवैध ठरविला, आणि २०१७ साली नगराला साडेबत्तीस लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. धर्मस्थळांच्या भूवापराला संरक्षण देणारा २००० सालचा फेडरल कायदा त्यांच्या मदतीला आला. याच कायद्याच्या आधारे कॅलिफोर्नियातील युबा सिटीजवळच्या शीख बांधवांनाही २००६ साली न्याय मिळाला होता. पण लक्षात घ्या, बर्नार्ड्सच्या त्या संस्थेचे प्रमुख त्याच नगराचे माजी मेयर होते! एका माणसाची प्रतिष्ठा पुरली नाही. मेयरसमवेत छायाचित्र असलेल्या आपल्या समाजाने यावरून काय ते समजून घ्यावे.

सभागृहात माणसे बसली तर काय घडते हेही आपण पाहिले आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या सिटी कौन्सिलने जातीय भेदभावास बंदी घालणारा वटहुकूम सहा विरुद्ध एक मताने संमत केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक गव्हर्नरांनी नाकारले. राज्याच्या पातळीवर जे अडले ते नगराच्या पातळीवर साधले, कारण तेथे आपली माणसे रांगेत उभी राहून बोलली. तोच मायक्रोफोन झोनिंगच्या सुनावणीलाही उपलब्ध असतो. स्वतःच्या वेदनेसाठी तेथे उभे राहणारा समाज दुसऱ्याच्या निवाऱ्यासाठी उभा राहिला नाही, तर त्याची समता अर्धवट राहते.

न्यू जर्सीत आज या प्रश्नाला विशेष निकड आहे. २०२४ च्या नव्या कायद्यानुसार परवडणाऱ्या घरांच्या जबाबदारीची चौथी फेरी २०२५ ते २०३५ अशी दहा वर्षांची आहे. काही नगरांनी या कायद्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. इतर नगरांतही प्रत्येक भूखंडावर झगडा होणार, आणि तो कौन्सिलच्या व प्लॅनिंग बोर्डाच्या सभांतूनच होणार.

म्हणून संस्थांच्या कार्यकारिणीपुढे माझी मागणी स्पष्ट आहे. ज्या नगरात आपली पाच कुटुंबे आहेत, तेथे आळीपाळीने एका कुटुंबाने कौन्सिलच्या व प्लॅनिंग बोर्डाच्या प्रत्येक सभेस पूर्ण वेळ हजर राहावे आणि कामकाजाचा वृत्तान्त संस्थेला द्यावा. विहारासाठी जागा पाहताना इसारा देण्यापूर्वी त्या जागेचा झोन तपासावा. परवडणाऱ्या घरांच्या प्रस्तावावर सुनावणी असेल तेव्हा संस्थेच्या नावाने, उभे राहून, जाहीर पाठिंबा द्यावा. आणि संस्थेच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याने त्याविरुद्धच्या अर्जावर सही करू नये. ही शेवटची अट काहींना जाचक वाटेल. वाटू द्या. पदावर बसण्यासाठी एवढे शील मागणे अवाजवी नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला गावकुसाबाहेरून उचलून राज्यघटनेच्या मध्यभागी आणून बसविले. ते अशासाठी नव्हे की आपण सातासमुद्रापलीकडे जाऊन नव्या कुसाचे दगड वाहावेत. आपल्या नगराचा झोनिंगचा नकाशा क्लार्कच्या कचेरीत कोणालाही पाहावयास मिळतो. तो या महिन्यात एकदा पाहा, आपले घर त्यावर कोठे आहे ते शोधा, आणि रेषेच्या पलीकडे कोणाला ठेवले आहे तेही पाहा.

जय भीम!