शब्दालाही बाण जोडू द्या

दहावीची मराठीची कृतिपत्रिका संगणकावर जुळवायला बसलेल्या शिक्षकाचा वेळ पुष्कळदा प्रश्न काढण्यापेक्षा चौकटी आणि बाण जागेवर आणण्यातच जातो. ‘आकृती पूर्ण करा’ म्हटलं की मध्ये एक चौकट, भोवती चार आणि त्यांना जोडणारे बाण आलेच. वर्डमध्ये सगळं नीट मांडून होतं. मग वरच्या उताऱ्यात एक ओळ वाढते, चौकटी खाली सरकतात आणि बाण भलत्याच चौकटीकडे बोट दाखवू लागतात.

यात दोष शिक्षकाचा नाही. वर्डच्या पानावर सुटा काढलेला बाण ही नुसती रेघ असते. तिची दोन टोकं कुठे आहेत एवढंच फाइलीला ठाऊक असतं, ती कोणाला जोडायची होती हे नसतं. बाण चौकटीला खरोखर चिकटायला हवा असेल, तर ‘इन्सर्ट’मधल्या ‘शेप्स’च्या यादीत तळाशी असलेला ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’ घ्यायचा आणि अख्खी आकृती त्याच्या आत काढायची. हे वापरणाऱ्याला स्वतःहून शोधावं लागतं. पॉवरपॉइंटमध्ये मात्र कॅनव्हास लागत नाही. बाण थेट आकाराला चिकटतो आणि त्याच्या नोंदीत दोन्ही टोकांच्या आकारांचे क्रमांक साठवले जातात. एकाच कंपनीच्या दोन प्रोग्रॅममध्ये इतका फरक ठेवण्यात वापरणाऱ्याची कसलीच सोय नाही.

हा प्रश्न संगणकावरच्या रेखाटनाइतकाच जुना आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं. एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी 1963 मध्ये पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ हा रेखाटनाचा प्रोग्रॅम सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने काढलेल्या रेषा एका बिंदूत जुळवल्या, की तो बिंदू हलवताच त्या साऱ्या त्याच्यासोबत हलत. नुसत्या जागा नव्हे, तर जोडण्याही साठवायच्या, हा विचार तेव्हापासूनचा. 1992 मध्ये आलेल्या व्हिजिओ या आकृत्यांच्या प्रोग्रॅमने तो कार्यालयांत नेला. तिथे या चिकटण्याला ‘ग्लू’ असंच म्हणतात. बाण एका ठरावीक बिंदूला चिकटवता येतो किंवा अख्ख्या आकाराला; दुसऱ्या प्रकारात आकार हलला की बाण स्वतः सोयीची बाजू शोधतो.

ही सगळी सोय झाली आकारांची. मजकुराच्या वाट्याला दुय्यम वागणूक आली, आणि खरी तक्रार तिथेच आहे. इंकस्केप हा मोफत आणि अतिशय गुणी प्रोग्रॅम. त्याच्या कनेक्टरच्या, म्हणजे जोडणाऱ्या बाणाच्या, प्रेफरन्सेसमध्ये ‘मजकुराला कनेक्टर जोडू नका’ अशा अर्थाचा पर्याय आहे आणि तो मुळातच चालू असतो. नवखा माणूस शब्दाजवळ बाण नेतो, तो चिकटत नाही, आणि आपलंच काही चुकतंय असं त्याला वाटत राहतं.

पॉवरपॉइंटमध्ये रेषेवर लिहिताच येत नाही. ओघतक्त्यात निर्णयाच्या चौकटीतून निघणाऱ्या दोन बाणांवर ‘हो’ आणि ‘नाही’ लिहायचं, तर दोन सुटे टेक्स्ट बॉक्स टाकावे लागतात. चौकट हलवली की बाण तिच्याबरोबर जातात, शब्द मागे राहतात. कधी ‘हो’च्या बाणाशेजारी ‘नाही’ येऊन बसतं आणि तक्ता नेमकं उलटं सांगू लागतो. दवाखान्यातल्या किंवा कारखान्यातल्या सूचनाफलकावर असं झालं तर त्याला किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

रेषेवरच्या शब्दाचं मोल जोसेफ नोव्हाक यांनी ओळखलं होतं. कॉर्नेल विद्यापीठात 1970च्या दशकात त्यांनी संकल्पना नकाशाची पद्धत विकसित केली. अशा नकाशात ‘पाणी’ आणि ‘वाफ’ यांना जोडणाऱ्या रेषेवर ‘तापवल्यावर होते’ हे शब्द आले तरच विधान तयार होतं. नाहीतर उरतात दोन नामं आणि एक रेघ. त्यांच्या पद्धतीसाठी बनवलेल्या सीमॅपटूल्समध्ये हे जोडशब्द स्वतंत्र घटक आहेत. ते हलवले की रेषाही त्यांच्यामागे जातात. म्हणजे हे जमतं, फक्त करायची इच्छा हवी.

‘जोड्या लावा’ची उत्तरसूची करून पाहिली की दुसरी अडचण कळते. अ गटातल्या तिसऱ्या ओळीपासून ब गटातल्या पहिल्या ओळीपर्यंत रेघ न्यायची असते. एका टेक्स्ट बॉक्समध्ये पाच ओळी लिहिल्या तर बाणाला मिळतात बॉक्सच्या चार कडांचे मध्यबिंदू, ओळ काही मिळत नाही. मग प्रत्येक ओळीचा वेगळा बॉक्स करत बसायचं. बेल लॅब्जमधून आलेल्या ग्राफव्हिझ या आकृत्यांच्या प्रोग्रॅममध्ये चौकटीतल्या एकेका रकान्याला नाव देऊन बाण नेमका तिथे नेता येतो. पण त्यासाठी आकृती माउसने न काढता लिहून काढावी लागते आणि शाळेत कोणी ते शिकवत नाही.

देवनागरीत हा त्रास वाढतो. मंगल फाँटमध्ये लिहिलेली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की शब्दांची रुंदी बदलते. वर रफार आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे उंचीही बदलते. सुट्या रेषेला याचा पत्ता नसतो. ती शब्दापासून लांब पडते किंवा त्याच्या अंगावरून जाते.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे मागणी साधी आहे: शब्द, ओळ आणि रेषेवरचा मजकूर या तिन्हींना आकाराइतकाच मान द्या, आणि तोही मुळातच, कुठल्या तरी पर्यायाआड दडवून नव्हे. शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणातही रंग आणि अ‍ॅनिमेशनच्या आधी जोडणी शिकवली जावी. तोवर, ब्राउझरमध्ये मोफत चालणारं ड्रॉ.आयओ वापरून पाहावं. तिथे रेषेवर डबल क्लिक करून लिहिलेला मजकूर रेषेचाच भाग होतो. बाण आकारावर नेला की निळी कड म्हणजे तो अख्ख्या आकाराला जोडला जातोय, हिरवी म्हणजे त्या एका बिंदूला. प्रोग्रॅम कोणताही असो, आकृती पुढे पाठवण्याआधी एक चौकट जराशी ओढून पाहावी. बाण मागे राहिला तर तो जोडलेला नाही.