लग्नानंतरची शर्मिला

मागच्या दिवाळीच्या सुटीत मावशीकडे भोपाळला जाण्याचा योग आला. एका सकाळी आम्ही दोघी रिक्षाने बड्या तलावाच्या काठाने चाललो होतो. कोहेफिझा भाग आला तसा रिक्षावाल्याने हात करून सांगितले, "नवाबसाहब की कोठी इधर ही है. शर्मिलाजी इसी घराने की बहू हैं." त्याच्या आवाजात असा काही अभिमान होता की जणू सून त्याच्याच घरात आली असावी! मावशी लगेच म्हणाली, "नशीब काढलं हो पोरीनं! सिनेमातली नटी, आणि थेट नवाबाच्या घरची बेगम झाली."

मावशीचे हे वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. शर्मिला टागोर आणि मन्सूर अली खान पतौडी यांच्या विवाहाची कथा आपल्याकडे सारेजण अशीच सांगतात. पडद्यावरची परी, घोड्यावरचा राजपुत्र आणि शेवटी राजवाडा! मला मात्र नम्रपणे असे म्हणावयाचे आहे की, ही कथा आपण चुकीच्या टोकाने धरली आहे. शर्मिलाबाईंचे मोठेपण नवाबाशी लग्न करण्यात नाही. लग्न झाल्यावरही त्यांनी आपले काम सोडले नाही, यात ते आहे.

प्रथम राजवाड्याचे पाहू. मन्सूर अली खान यांचा जन्म १९४१ साली भोपाळात झाला. त्यांचे वडील पतौडीचे नवाब. आई साजिदा सुलतान ही भोपाळचे शेवटचे राज्यकर्ते नवाब हमीदुल्ला खान यांची मुलगी. थोरली बहीण आबिदा सुलतान पाकिस्तानात निघून गेली होती. म्हणून १९६० साली नवाब वारल्यावर भोपाळच्या बेगमेचा मान साजिदा सुलतान यांच्याकडे आला. पण कसला मान? भोपाळ संस्थान तर १९४९ सालीच भारत सरकारच्या ताब्यात गेले होते. उरला होता तो किताब आणि तनखा. १९७१ च्या घटनादुरुस्तीने तेही संपले. म्हणजे शर्मिलाबाई ज्या घरात सून म्हणून गेल्या, तिथे सिंहासन नव्हतेच! लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचे पती कायद्याने नवाबही राहिले नाहीत. याच भोपाळातून ते १९९१ साली लोकसभेची निवडणूक लढले आणि हरले. मतदारांनी जुन्या गादीकडे पाहून मते दिली नाहीत, हे लोकशाहीला साजेसेच झाले.

पतौडींचे खरे राज्य क्रिकेटच्या मैदानावर होते. १९६१ साली मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि तरीही १९६२ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी ते भारताचे कर्णधार झाले. एका डोळ्याने जलदगती गोलंदाजी खेळणे ही गोष्ट किती कठीण, हे खेळणाऱ्यांनाच ठाऊक! त्यांच्या नेतृत्वाखाली आपण १९६८ साली न्यूझीलंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. परदेशातला आपला तो पहिला मालिका विजय. सारांश, नवरदेवालाही मोठेपण वारशाने नव्हे, मेहनतीने मिळाले होते.

आता वधूकडे वळू. शर्मिला ही टागोर घराण्यातली मुलगी. सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'मध्ये (१९५९) ती प्रथम दिसली, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. सिनेमात काम केले म्हणून शाळेने नाके मुरडली, तेव्हा वडिलांनी मुलीचा सिनेमा बंद करण्याऐवजी तिची शाळा बदलली! पुढे 'काश्मीर की कली' (१९६४) आला आणि हिंदी सिनेमाने तिला डोक्यावर घेतले. १९६६ साली एका सिनेमासिकाच्या मुखपृष्ठावर ती पोहण्याच्या तोकड्या पोशाखात झळकली, तेव्हा केवढा गहजब झाला! होणाऱ्या सासूबाई मुंबईत येणार म्हणून 'ॲन ईव्हनिंग इन पॅरिस'ची रस्त्यावरची मोठी चित्रे आपण रातोरात काढवून घेतली, ही गंमत त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. वाचून हसू येते. पण सासरची धास्ती एवढ्या मोठ्या तारकेलाही चुकली नव्हती, हेही त्यातून दिसते.

साठीच्या दशकाच्या अगदी शेवटी हा विवाह झाला. हिंदू आणि मुसलमान, बंगाली घर आणि नवाबी घर! त्यांनी आयेशा सुलताना हे नाव घेतले. पण चित्रपटाच्या नामावलीत नाव झळकत राहिले ते 'शर्मिला टागोर' हेच. त्या काळी चित्रपटसृष्टीत एक अलिखित नियम होता: नायिकेचे लग्न झाले की तिची नायिकेची कारकीर्द संपली. नायक मात्र चार मुलांचा बाप असला तरी कॉलेजकुमार म्हणून खुशाल बागेत गाणी म्हणू शकतो!

हा नियम शर्मिलाबाईंनी कसा मोडला, ते सनावळीच सांगते. 'अरण्येर दिन रात्रि' १९७० साली आला. त्याच वर्षी मुलगा सैफ जन्मला. 'सीमाबद्ध' १९७१ चा, 'अमर प्रेम' १९७२ चा, 'दाग' १९७३ चा. 'चुपके चुपके' आणि 'मौसम' हे दोन्ही १९७५ चे. 'मौसम'मध्ये त्यांनी आई आणि मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या व त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि वाचकहो, त्यातील मुलगी कोण? बाजारात बसलेली, तोंडाळ, रोखठोक वेश्या! 'अमर प्रेम'मधली पुष्पाही कोठ्यावरचीच. नवाबाच्या घरची सून कोठ्यावरच्या बाईचे दुःख पडद्यावर मांडते, आणि घर तिला अडवत नाही. राजवाड्याच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला शतपटीने मोठी वाटते.

ग्रेस केलीचे उदाहरण इथे आठवते. ऑस्कर मिळवलेली ही अमेरिकन नटी १९५६ साली मोनाकोची राणी झाली आणि तिचा अभिनय तिथेच संपला. १९६२ साली हिचकॉक यांनी तिला पुन्हा बोलावले. तिचीही इच्छा होती. पण राणीने सिनेमात काम करणे मोनाकोच्या प्रजेला रुचले नाही, आणि तिला नकार द्यावा लागला. तिला राज्य मिळाले, पण काम गेले. शर्मिलाला राज्य मिळाले नाही, पण काम राहिले. यात भाग्यवान कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भोपाळच्या मातीचाही यात काही वाटा असेल काय? १८१९ ते १९२६ अशी शंभरावर वर्षे या शहराचा कारभार एकीमागून एक अशा चार बेगमांनी पाहिला. त्यांतील शेवटच्या सुलतान जहाँ बेगम या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होत्या, आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी शाळा काढल्या. ज्या घराण्यात बायकांनी दरबार चालवले, त्या घराला सुनेने काम करण्याचे नवल का वाटावे?

यावर कोणी म्हणेल, "हे सारे बड्या घरच्या गोष्टींत ठीक आहे. त्यांच्याकडे दाया असतात, नोकरचाकर असतात. आमच्या घरी सकाळी पाणी कोण भरणार?" आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. शिवाय शर्मिलाबाईंनाही त्याची किंमत द्यावी लागली. सैफ लहान असताना आपण दोन दोन पाळ्यांत काम करीत होतो व त्याच्या वाट्याला कमी आलो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे. पण त्याच वेळी पतीने घर सांभाळून घेतले, हेही त्या सांगतात. मुद्दा नोकरचाकरांचा नाही, घरच्या माणसाच्या मनाचा आहे. आपल्या समर्थांची नूतन तर कुठल्याच संस्थानात गेली नव्हती. १९५९ साली तिने नौदलातील अधिकाऱ्याशी लग्न केले, आणि तिची 'बंदिनी' आली ती १९६३ साली!

हे सारे मी आज का लिहिते आहे? आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे गेल्या महिन्यात लग्न ठरले. ती वर्गात पहिली येणारी. पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हायचे हे तिचे किती वर्षांचे स्वप्न! पाहुण्यांनी सांगितले, "पदवी घेऊ दे, आमची ना नाही. नोकरीचं मात्र काढू नका." घरचे आनंदात आहेत. घर मोठे, शेतीवाडी मोठी. "नशीब काढलं पोरीनं," असे सगळे म्हणतात. ती मात्र वाचनालयात माझ्या शेजारी पुस्तक उघडून बसते आणि तासभर पानच उलटत नाही. कन्नड विभागातील मैत्रिणींना हे सांगितले, तर त्यांच्याकडेही हीच कथा. भाषा तेवढी वेगळी!

२०११ साली पतौडी गेले. शर्मिलाबाईंनी त्या वर्षापर्यंत सुमारे साडेसहा वर्षे सेन्सॉर बोर्डाचे अध्यक्षपद सांभाळले होते. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 'गुलमोहर' चित्रपट आला तो २०२३ साली, त्यांच्या वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. किताब गेला, तनखा गेला, जोडीदारही गेला. चौदाव्या वर्षी हाती घेतलेले काम मात्र अखेर सोबतीला राहिले.

म्हणून मावशीला मी आता पत्र लिहिणार आहे. 'मावशी, पोरीने नशीब काढले हे खरे, पण ते नवाबाच्या कोठीत नव्हे.' आणि माझ्या त्या मैत्रिणीला एवढेच सांगेन की, बोलणी अजून पुरी झालेली नाहीत. साखरपुड्यापूर्वी एकदा त्या मुलाशी स्वतः बोल. तो नवाब नसला तरी चालेल. पतौडींइतके मोठे मन त्याच्याकडे आहे की नाही, एवढे विचारून घे.